आखूड पायांचं कुत्रं

कुत्र्याला पाय असावेत, एवढं तरी कुणीही मान्य करील. दिवाळीला आमच्या दारात जे उतरलं त्याला पाय म्हणावेत असं काही नव्हतं. धड चांगलं लांब, पाठ रुंद, आणि खाली चार खुंट्या ठोकल्यासारख्या. चालताना पोटाचे केस धुळीत लोळायचे. तोंड कोल्ह्याचं, कान वटवाघळाच्या पंखांएवढे, रंग तांबडा, गळ्याखाली पांढरं आणि शेपटीच्या जागी नुसता केसांचा गोंडा. जन्माला घालणाऱ्याचं मध्येच मन उडालं असावं.

ते आणलं आमच्या धाकट्यानं. हा पुण्याला एका कंपनीत असतो. बायको आली नव्हती, पण कुत्र्याचं बोचकं मोठं होतं. त्यात त्याची गादी, त्याचा कंगवा, त्याचं ताट आणि त्याला खायला वाळूतल्या खड्यांसारखे दिसणारे खडे. मी विचारलं, "हे काय?"

"माय, हे मेंढ्या हाकायचं कुत्रं हाय. बाच्या कामाला येईल."

आता हे काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आमचा म्हातारा जन्मभर मेंढ्यांमागं गेला. मागं म्हणायची पद्धत आहे, खरं तर तो पुढं चालतो. आमच्यात मेंढक्या पुढं राहतो आणि हाळी देतो. घशातून एक आवाज काढतो, दुसऱ्या कुणाला तो जमत नाही. मेंढरं त्या आवाजाच्या पाठीशी येतात. वळायचं असेल तर एक आवाज, थांबायचं असेल तर दुसरा. गेल्या पावसाळ्यात म्हाताऱ्याच्या घशात गाठ निघाली. नांदेडला नेऊन कापली. गाठ गेली आणि आवाजही गेला. आता बोलायला गेला की नुसती हवा येते, भात्यासारखी.

मेंढ्यांना हे कोण सांगणार? त्या आवाजाची वाट बघत उभ्या राहायच्या, मग कंटाळून दिसेल त्या रानात शिरायच्या. धाकट्यानं पुण्याहून शिट्टी पाठवली. म्हाताऱ्यानं फुंकली. मेंढ्यांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. दोनदा लोकांच्या तुरीत गेल्या. भांडण मिटवायला मोठा पोरगा गेला, कारण बापाला बोलता येत नाही. मोठा घरची शेती बघतो. त्याला दुसऱ्याच्या दारात हात जोडून उभं राहायचा वैताग आला. त्यानं ठरवून टाकलं की दिवाळी झाली की मेंढ्या विकायच्या. बाळापूरच्या व्यापाऱ्याला सांगूनही ठेवलं. तो टेम्पो घेऊन येणार होता.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला मेंढ्यांची माया नाही. मेंढरू हे मूर्ख जनावर आहे. एक विहिरीत पडलं तर बाकीची ते कुठं गेलं म्हणून बघायला जातात. पण मेंढ्या गेल्या तर म्हातारा घरात बसणार, आणि तो बसलेला कसा असतो ते मी घसा कापल्यावर पाहिलं होतं. ओट्यावर भिंतीला टेकून मेंढ्यांच्या वाड्याकडं बघत राहायचा. मध्येच उठून माझी भांडी इकडची तिकडं करायचा. अर्धी भाकरी खायचा, अर्धी तशीच ठेवायचा. अंगावरचं मांस गेलं. असला नवरा मला सांभाळायचा नव्हता. त्यापेक्षा तो रानात बरा होता.

म्हणून मी त्या कुत्र्याकडं जरा नीट बघून घेतलं. आणि मला हसू आलं.

"कुठलं म्हणावं हे?"

"कॉर्गी म्हणतात याला. इंग्लंडाच्या अंगाला डोंगराळ मुलूख हाय, लई थंडी असती. तितले शेतकरी ठेवायचे. गाई बाजाराला न्यायच्या तर हे मागून हाकायचं."

"गाई? मग मेंढ्या कुठून आल्या?"

"मेंढ्या पण हाकतं, माय. गाई, मेंढ्या, बदकं, समदं."

"बदकं आपल्याकडं न्हाईत. पाय काहून कापले याचे?"

"कापले न्हाईत, जातच तशी. गाय लाथ मारती ना, ती याच्या डोक्यावरून जाती. हे खालच्या खाली जाऊन टाचंला चावतं, की गाय पुढं."

"म्हंजी चावरं हाय."

"चावत न्हाई. चिमटा घेतं."

"दातानं?"

तो फोनात बघायला लागला. या पोराला उत्तर सुचलं नाही की फोनात बघतो. मग म्हणाला, "तिकडं राणीच्या महालात असली कुत्री असायची."

"राणीकडं मेंढ्या होत्या?"

"न्हाई."

"मग कुणाच्या टाचंला चावायची?"

म्हातारा ओट्यावर खांदे हलवून हसला. आवाज नाहीच. धाकट्यानं हिंमत सोडली नाही. तिकडचे लोक म्हणे सांगतात की जुन्या काळी पऱ्या या कुत्र्यांवर बसून फिरायच्या, म्हणून पाठीवर खोगिराच्या आकाराचा डाग असतो. मी वाकून पाहिलं. डाग होता. मी म्हणाले, "हितं पऱ्या न्हाईत. हितं लांडगे हायेत."

आमचं कुत्रं कसं असतं ते मला ठाऊक होतं. उंच, छाती खोल, पोट आत. ते मेंढरांच्या कामात पडत नाही. मेंढ्या बसल्या की लांब जाऊन उभं राहतं. पाठ मेंढरांकडं, तोंड रानाकडं. जे यायचं ते रानातून येणार, हे त्याला कळतं. आमचं शेवटचं असलं कुत्रं मागच्या उन्हाळ्यात म्हातारं होऊन मेलं. आणि हे पुण्याचं कायम तोंड मेंढरांकडं करून बसायचं, पाठ रानाकडं. मागून लांडगा आला असता तर ह्याला उचलून घेऊन गेला असता आणि ह्याला कळायच्या आत खाऊनही झालं असतं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. धाकटा मोरीमागं उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होता. त्यांच्या इमारतीतली लेकरं जिन्यातून पळाली की हे कुत्रं त्यांच्या टाचा धरायचं. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. वर दिवसभर भुंकायचं, कारण ही दोघं सकाळी कुलूप लावून जायची ती दिवेलागणीला यायची. बायकोनं हौसेनं घेतलं आणि हौस फिटली. म्हाताऱ्याच्या कामाला येईल हे नंतर सुचलेलं. आधी ठरलं होतं ते इतकंच की हे तिथून हलवायचं.

भाऊबीज झाली तशी तो गेला. कुत्रं राहिलं.

त्याचे गुण एकेक दिसायला लागले. पहिला गुण केस. थंड मुलखाचं जनावर, दुहेरी लोकर अंगावर, आणि ती सारखी गळायची. पिठात केस, ताकात केस, माझ्या लुगड्याला केस. मेंढरांची लोकर निदान कातरून घोंगडं तरी होतं. दुसरा गुण खाणं. खडे संपल्यावर धाकट्यानं सांगितलं होतं की याला दूधभात घाला. त्यानं भाकरी खाल्ली, कण्या खाल्ल्या, कोंबड्यांचं खाल्लं, वाळत घातलेल्या शेंगा टरफलासकट खाल्ल्या, आणि असं फुगलं की उंबरा चढताना आधी पुढचं अंग वर टाकायचं आणि मग मागचं ओढून घ्यायचं. तिसरा गुण भुंकणं. एवढ्याशा अंगात आवाज मोठ्या कुत्र्याचा. आमच्या घरात ज्याला आवाज पाहिजे होता त्याला नव्हता आणि ज्याला नको त्याला भरपूर होता.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला कुणी वेगळं झालेलं चालायचं नाही. कोंबड्या अंगणात पांगल्या की गोल फिरून त्यांना न्हाणीच्या दगडाशी गोळा करायचं आणि समोर बसून राहायचं. आम्ही बायका एकीकडं शेंगा फोडत बसलो आणि मोठा दुसरीकडं बसला तर आमच्यामधून याच्या येरझारा. मोठ्या सुनेची आई दिवाळीची आली होती. ती जायला निघाली की हे तिच्या आडवं. ती बाजूनं गेली की टाचेला चिमटा. बाई तिसऱ्यांदा ओरडून परत ओट्यावर चढली.

सून म्हणाली, "आत्याबाई, हे माह्या मायला जाऊ देऊन न्हाई राहिलं."

"मंग तुला बरंच की. ऱ्हाऊ दे चार दिवस."

"मला बरं हाय, पर तिच्या टाचंला बरं न्हाई."

विहीणबाई मोठ्याच्या गाडीवर बसून, पाय वर उचलून गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते मेंढ्यांत गेलं. सकाळी मोठ्यानं वाड्याच्या तोंडाला लावलेलं काट्यांचं काटवण बाजूला केलं, मेंढ्या बाहेर पडल्या, आणि हे दावं तोडून मागून घुसलं. भुंकत इकडून तिकडं, तिकडून इकडं. मेंढ्यांनी जन्मात मागून कुत्रं आलेलं पाहिलं नव्हतं. आधी फुटल्या, मग एकमेकींवर चढल्या. एक गाभण मेंढी मागं राहिली होती. हे तिच्या मागच्या पायाला लागलं. हापशावर भावकीतले दोघं उभे होते. ते ओरडले, "मेंढरावर गेलं! मेंढरावर गेलं!"

आमच्यात हे बोलणं साधं नाही. मेंढरावर गेलेलं कुत्रं म्हणजे ज्याला मेंढराची चव लागली ते. माणसाला चावलेलं एक वेळ ठेवतात, हे ठेवत नाहीत. पहिल्या वेळी गळ्यात लोढणं घालतात. बाभळीचा ओंडका, दोन पायांच्या मध्ये लोंबेल असा, की पळायला गेलं की गुडघ्यांवर आपटतो. दुसऱ्या वेळी नदीपल्याड नेऊन सोडतात. कुणी विचारत नाही की पहिल्या वेळी नक्की काय झालं होतं. मागच्यांनी केलं तेच करतात. मीही तेच म्हणाले, "घाला लोढणं."

मोठ्यानं घातलं. पण लोढणं लोंबायला खाली जागा लागते. ह्याच्या गळ्यात बांधलं तर ते जमिनीवर टेकलं, आणि कुत्रं त्याच्यावर टेकलं. पुढं सरकलं की ओंडका छातीखाली अडकायचा. मागं सरकलं की ओढला जायचा. म्हणून ते मागं मागं चालायला लागलं. अंगणभर धुळीत रेघा. भावकीतला एक म्हणाला, "वखर धरला की काय यानं?" सगळे हसले. मीही हसले.

म्हातारा हसला नाही. तो त्या मेंढीजवळ गेला, तिला आडवी पाडली, मागच्या पायाची लोकर बोटांनी उकलून बघितली. मग मोठ्याला हात धरून आणलं आणि दाखवलं. रक्त नव्हतं, दाताची खूण नव्हती. लोकर ओली होती, तेवढंच.

मोठा म्हणाला, "आज थुंका लागला, उद्या रगत काढील. बा, त्याच्या नादी लागू नको. आठवड्यात टेम्पो येऊन राहिला."

म्हाताऱ्यानं मेंढी सोडली आणि ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी भाकरीला हातच लावला नाही.

धाकट्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो घाबरला. "माय, काढ ते लोढणं. त्याला रगताची चव न्हाई. ते मारायला चावत न्हाई, पुढं घालायला चावतं. ती त्याची कामाची रीत हाय."

"तुला काय जातं बोलायला? तुझ्या टाचंला चावलंय का?"

"चावलंय, माय. लई डाव."

"मंग तू काहून पुढं गेला न्हाईस?"

फोन बंद झाला की त्यानं बंद केला, कोण जाणे.

अशात पुसेगावकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला. चांगला जमीनदार आहे, पाटील म्हणतात त्याला. सोयाबीन काढून त्यानं रान मोकळं ठेवलं होतं. पावसाळ्यात तिथं हळद लावायची होती. हळदीला खत फार लागतं. दर साल आमच्या मेंढ्या त्याच्या वावरात बसायच्या, आणि त्याबद्दल तो धान्य द्यायचा. या साली बसवता का, म्हणून विचारलं होतं.

मोठ्यानं नाही म्हणून सांगायला फोन काढला. कारण होतं. त्या वावराला जायची गाडवाट दोन्ही बाजूंनी तुरीमधून जाते. तूर कमरेच्या वर आलेली, शेंगा धरलेल्या. आवाज देणारा नसेल तर मेंढ्या त्यातून सरळ निघत नाहीत. म्हाताऱ्यानं उठून त्याच्या हातावर हात ठेवला. छातीवर थाप मारली, मेंढ्यांकडं बोट केलं, पुसेगावच्या दिशेला हात केला.

 मोठा म्हणाला, "बरं. ने. पर आताच सांगतो, बा. एका मेंढीचं तोंड जरी तुरीत गेलं, तर टेम्पो आलाच म्हणून समज. मंग माह्याशी रुसायचं न्हाई, जेवण सोडायचं न्हाई. नीट गेल्या तर मी पुन्हा विकायचं नाव काढणार न्हाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली.

सकाळी काठी, घोंगडं, भाकरी घेतली आणि जाता जाता कुत्र्याच्या गळ्यातलं लोढणं सोडलं.

मी म्हणाले, "अवो, डोस्कं कापलं का काय दवाखान्यात घशाबरोबर?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

माझे गुडघे गेलेले आहेत, तरी मी मागून गेले. वाटेत फजिती झाली तर ती मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची नव्हती. म्हातारा पुढं, काठी जमिनीवर टेकत. त्याच्यामागं मेंढ्या, आणि त्यांच्यामागं ते बुटकं. गाडवाटेला लागेपर्यंत मेंढ्या नीट होत्या. तूर आली तशा माना वळल्या. म्हातारा तोंड उघडून हवा सोडत होता, सवय. कुणी ऐकलं नाही.

ऐकलं ते मागच्यानं, किंवा त्याला ऐकायची गरज नव्हती. ते एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत तिरकं पळायचं, तिथून पुन्हा इकडं. विणकराच्या हातातला धोटा जसा जातो तसं. जी मेंढी बाहेर झुकली तिच्या टाचेशी हे. एका दांडग्या मेंढीनं तुरीत मान घातलीच होती. हे जाऊन चिमटलं. तिनं लाथ झाडली. लाथ त्याच्या कानांवरून गेली. पोटात बसली असती तर फुटलं असतं, पण पोट होतं कुठं लाथेच्या वाटेत? ते धुळीत होतं. धाकट्यानं सांगितलं होतं तसंच झालं. त्या पोराचं एक तरी बोलणं खरं निघालं, हे मला मोठंच नवल वाटलं.

मेंढ्या दाटल्या, एकीला एक लागून गेल्या आणि पाटलाच्या वावरात उतरल्या. तुरीचं पान हललं नाही. मी बांधावर बसले, गुडघे चोळले आणि घरी आले. मोठ्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "गेल्या." त्यानं व्यापाऱ्याला फोन केला नाही. थांबू म्हणत असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील मोटारसायकलवर आमच्या दारात. तोंड लाल.

"मावशी, चला. तुमच्या कुत्र्याचा प्रताप बघा."

मोठ्यानं मला मागं बसवलं आणि आम्ही गेलो. झालं होतं असं. मेंढ्या वावरात बसवायच्या म्हणजे त्या पांगून बसल्या पाहिजेत. भोवती जाळी लावतात, त्याला वाघर म्हणतात, आणि आत मेंढ्या सैल बसतात, म्हणजे लेंडी आणि मूत सगळीकडं पडतं. त्याचसाठी तर शेतकरी बोलावतो. पण ह्याला कुणी पांगलेलं चालत नाही. मेंढी जरा लांब जाऊन बसली की हे तिला उठवून आणायचं. सगळ्या मेंढ्या एका कोपऱ्यात म्हाताऱ्याच्या घोंगड्याभोवती गोळा, पोत्यात दाणे भरावेत तशा. त्या कोपऱ्यात लेंड्यांचा थर पडला होता. बाकीचं वावर होतं तसंच, कोरं.

पाटील म्हणाला, "आता मी हळद काय या एका कोपऱ्यात लावू? बाकीच्या रानात काय लावू, तुमचं कुत्रं?"

मोठा म्हणाला, "म्हणून तर म्हणून राहिलो, पाटील, की आमच्यानं आता हे होत न्हाई. मी टेम्पोच बोलावतो." आणि त्यानं खिशातून फोन काढला.

म्हातारा घोंगड्यावर बसून होता. एकदा पाटलाकडं, एकदा मोठ्याकडं बघायचा. तोंड उघडलं, मिटलं. मोठ्याची अट तुरीची होती, ती त्यानं पाळली होती. पण बोलता येत नसलेल्या माणसाला अटीची आठवण करून देता येत नाही. मी करून दिली. "तू तुरीचं बोलला होतास. खताचं न्हाई."

"माय, तू मधी पडू नको."

"मधीच हाय मी. तुझ्या गाडीवर बसवून तूच आणलंस."

पाटलाचा राग माझ्यावर नव्हता, मोठ्यावरही नव्हता. पण राग आलेल्या माणसाला कुणावर तरी हुकूम करायचा असतो. त्यानं चपलेच्या टोकानं त्या थरात उकरलं. बोटभर खाली गेलं तरी लेंडीच. तो म्हाताऱ्याला म्हणाला, "म्हातारबा, उठा. आज त्या बांधाला अंथरूण टाका. उद्या त्या लिंबाखाली. परवा मी सांगीन तितं. जितं मी म्हणीन तितंच निजायचं, तुमच्या मनानं न्हाई. रान भरंपर्यंत मी तुमाला फिरवणार."

त्याला वाटलं, शिक्षा दिली. म्हातारा लगेच उठला. घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि बांधाकडं चालायला लागला. बुटकं उठलं, मागून एक फेरा घेतला, आणि मेंढ्या उठून त्याच्यामागं गेल्या. त्यानं घोंगडं टाकलं तिथं, त्याच्याभोवती बसल्या.

 पाटील म्हणाला, "मंग वाघर लावायचं काम न्हाई म्हणा."

मोठ्यानं फोन पुन्हा खिशात घातला. 

अशा रीतीनं पाटलानं त्याला सगळ्या वावरातून फिरवलं. अंगण सारवताना हात फिरतो तसा. एक हात झाला की पुढचा, आणि मागचं ओलं दिसतं. सारवलेलं कुठं राहिलं आणि कुठं झालं हे पाटलाला बांधावर उभं राहून दिसायचं. मग त्याच्या शेजाऱ्यानं बोलावलं. मग नरसीच्या रस्त्यावरच्या एकानं. मोठ्यानं व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगितलं. बोलल्याप्रमाणं पुन्हा विकायचं नाव काढलं नाही, पण बापाला बराबर केलंस असंही म्हणाला नाही. आमच्या घरात असलं कुणी म्हणत नाही.

म्हातारा घरी येतो तेव्हा दोन भाकरी खातो. माझी भांडी जागच्या जागी आहेत.

लोक आता मुद्दाम बघायला येतात. पोरं गाड्यांवरून येऊन फोटो काढतात. मेंढ्यांचा नाही, म्हाताऱ्याचा नाही, त्या बुटक्याचा. एक म्हणाला, "आजी, लई हुशार जनावर हाय." मी म्हणाले, "हुशार असतं तर पुण्यातच राहिलं असतं." ज्यांनी हापशावर मेंढरावर गेलं म्हणून बोंब मारली तेच आता सांगतात की आम्ही पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

असलाच एक फोटो फिरत फिरत धाकट्याच्या फोनात गेला. संक्रांतीच्या आधी तो गाडी करून आला. या वेळी बोचकं नव्हतं, नुसता नवा पट्टा होता, निळा. चहा पिऊन म्हणाला, "माय, तिला त्याच्याबिगर करमत न्हाई. आता आमी खालच्या मजल्यावर घर घेतलंय, मोकळी जागा हाय. न्यावं म्हणतो."

म्हातारा त्याच दिवशी मेंढ्या घेऊन घरी आला होता. तो ओट्यावर बसला होता. तो उभा राहिला आणि पुन्हा बसला. मोठा गोठ्यातून बाहेर आला. सगळ्यांना कळलं होतं. कुत्रं गेलं की मेंढ्या गेल्या, आणि मेंढ्या गेल्या की म्हातारा त्या भिंतीला टेकला. मोठा काही बोलेना. बोलला असता तर मेंढ्या ठेवायच्या बाजूनं बोलावं लागलं असतं.

"ने की," मी म्हणाले.

धाकट्याचं तोंड उजळलं.

"पर त्याला एकट्याला नेऊ नको. त्याच्यापुढं मेंढ्या हायेत आन मेंढ्यांपुढं तुझा बाप हाय. समदंच भर गाडीत. बाप गॅलरीत बसव, मेंढ्या जिन्यात. तुझ्या बायकोला मंग करमायची तकलीफ न्हाई."

"माय, तसं न्हाई. ते माझं कुत्रं हाय."

"तुझं होतं तवा तू हितं आणून टाकलंस. मेंढरावर गेलेलं कुत्रं आमी नदीपल्याड सोडतो. तू माणसावर गेलेलं आमच्या दारात सोडलंस आन वर राणीच्या गोष्टी सांगितल्यास. आता ते कामाला लागलं तर तुला आठवण आली. लेकरू म्हणून सांगते, चहा घे अजून, तिळाचे लाडू बांधून देते बायकोला, आन जा."

तो बापाकडं बघायला लागला. बापानं तोंड उघडलं. हवा आली. काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं पट्टा खिशात घातला.

निघाला तर कुत्रं गाडीच्या दाराशी आडवं. तो उजवीकडून जातो तर ते उजवीकडं, डावीकडून जातो तर डावीकडं, आणि पँटच्या टोकाला दात. पोरगं खाली बसलं, त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि रडलं. त्याला वाटलं, आपल्या ओढीनं अडवून राहिलंय. मी काही सांगितलं नाही. विहीणबाईंनाही त्यानं असंच अडवलं होतं.

परवा मोठ्या सुनेनं चुलीत घालायला बाभळीचं लोढणं काढलं. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, भिंतीला ठेव. धाकटा पट्टा घेऊन पुन्हा आला तर कामाला येईल. पाय लांब हायेत त्याचे. बराबर गुडघ्याला लागंल."